फोनला हुंकार नसतो

मी बडबडी आहे, हे आधीच सांगून टाकते. कुंभकोणममधल्या एका रेशमी साड्यांच्या दुकानात एकोणीस वर्षं गिऱ्हाइकांसमोर बसून बोलले, आणि जे बोलायचं राहिलं ते घरी येऊन बोलले. अशा बाईला फोनवर मुलाखत द्यायची कसली आलीय भीती, असं कुणालाही वाटेल. मलाही तसंच वाटलं होतं. तिथंच फसले.

दुकान बंद झालं त्याला कुणाचा दोष नव्हता. मालक थकले, त्यांची मुलं कोइमतूरला, त्यांना साड्यांत रस नाही. शेवटच्या दिवशी मालकांनी मला लाखेच्या रंगाची एक तिरुभुवनम् साडी दिली आणि हात जोडले. मीही जोडले. घरी येईपर्यंत धीर धरला, आणि मग स्वयंपाकघरात उभी राहून भांड्यांवर राग काढला. बाबांना ऐकू येत नाही म्हणून बरं, नाहीतर त्या आदळआपटीनं ते उठून आले असते.

घरात आम्ही दोघंच. बाबा चौऱ्याऐंशीचे. माझं लग्न झालं नाही. का झालं नाही ते विचारू नका, तो वेगळा विषय आहे. धाकटा भाऊ चेन्नईला. दुकान बंद झाल्याचं कळल्या दिवशीच त्याचा फोन आला, की अक्का, आता तुम्ही दोघं इकडेच या, बाबांसाठी खोली रिकामी करून ठेवलीय, रंगसुद्धा दिलाय. माझा भाऊ वाईट नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, भांडून मोकळी झाले असते. एवढ्या मायेनं बोलावणाऱ्या माणसाशी भांडणार कसं? मी त्याला म्हटलं, पोंगलपर्यंत थांब. तोवर मला काम मिळालं तर आम्ही इथेच, नाही मिळालं तर घराला कुलूप लावून तुझ्याकडे.

मला माझी काळजी नव्हती. मी कुठेही जाऊन कुणाशीही बोलायला लागते. काळजी बाबांची होती. रोज संध्याकाळी काठी टेकत ते विठोबाच्या देवळात भजनाला जातात. कान गेले त्याला आठ वर्षं झाली, पण मृदंगवाल्याच्या हातांकडे बघत बघत टाळ धरतात आणि एक ठोका चुकत नाहीत. मागे एकदा त्यांना चेन्नईला चार दिवस नेलं होतं. चारही दिवस गॅलरीत बसून होते आणि दर जेवणाला विचारत होते, आपली बस कधी आहे? भावानं तेव्हा ते हसण्यावारी नेलं. मला हसू आलं नव्हतं.

कामाचा पत्ता भाचीनं काढला, म्हणजे भावाच्याच मुलीनं. बापाविरुद्ध आत्याला फितूर झाली म्हणा ना. पुण्याचे एक साड्यांचे व्यापारी होते. इथल्या विणकरांचा माल ते महाराष्ट्रात घरपोच विकतात. त्यांना कुंभकोणममध्ये राहणारं माणूस हवं होतं. तिरुभुवनम् आणि दारासुरम्‌ला जाऊन साड्या निवडायच्या आणि तिकडच्या गिऱ्हाइकांना त्या फोनवर मराठीत समजावून सांगायच्या. मराठी बोलणारं आणि रेशमातलं कळणारं माणूस त्यांना इथे कुठे मिळणार? वाचल्यावर मला वाटलं, ही जाहिरात माझ्या मापानं शिवलीय. मुलाखतही फोनवरच होती, कारण कामच फोनवर बोलायचं. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता. हातात दहा दिवस होते.

भाची ऑफिसमधून आली की रोज सात वाजता तिचा फोन यायचा आणि माझी शिकवणी सुरू व्हायची. पहिल्या दिवशी म्हणाली, आत्या, स्वतःबद्दल सांग. मी सुरू केलं की आमचे मूळ पुरुष मराठा राजांच्या सैन्याबरोबर इकडे आले... तिनं तिथंच थांबवलं. घराणं नको, फक्त तू. मग विचारलं, तुझा एखादा दुर्गुण सांग. मी म्हटलं, राग. तर म्हणे, असं सांगायचं नाही. सांगायचं की मी कामात फार बारकाईनं बघते. मी विचारलं, हा काय दुर्गुण झाला? ती म्हणाली, तसंच असतं, आत्या. खरं सांगू नये आणि खोटंही बोलू नये, असं काहीतरी ते शास्त्र होतं. भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत झाली.

पण खरी पंचाईत वेगळीच निघाली, आणि ती तिसऱ्या दिवशी कळली. भाची प्रश्न विचारायची, मी एक वाक्य बोलायची आणि गप्प व्हायची. तिला वाटे मी विसरले. मी विसरले नव्हते. पुढचं वाक्य जिभेवर तयार होतं, पण बाहेर येत नव्हतं. मुलाखत घेणारी माणसं मध्ये बोलत नाहीत, ऐकता ऐकता लिहून घेतात, म्हणून ती मुद्दाम गप्प राहत होती. आणि ती गप्प झाली की माझं तोंड बंद. मी विचारायची, आहेस का गं? ती ओरडायची, आत्या, हे विचारायचं नाही.

दोन दिवस डोकं खाल्ल्यावर मला उमगलं. आमच्या घरी हुंकार दिल्याशिवाय गोष्ट पुढे जात नाही. तुमच्याकडेही असेल ही रीत, पण आमच्याकडे तो कायदाच होता. लहानपणी जेवणं झाली की बाबा दारापुढच्या ओट्यावर गोष्ट सांगायला बसत. सांगणाऱ्यानं एक वाक्य सांगायचं, ऐकणाऱ्यानं ‘हं’ म्हणायचं. जरा उत्कंठा वाढली की ‘हो, मग?’ म्हणायचं. हुंकार थांबला की बाबा तिथंच थांबायचे. राजा घोड्यावर चढत असेल तर तसाच एक पाय रिकिबीत ठेवून लटकत राहायचा. हुंकार देण्याचं काम माझ्याकडे असे. भाऊ माझ्या मांडीवर डोकं ठेवून तिसऱ्या वाक्याला झोपायचा, आणि मी दोघांच्या वाटचे हुंकार द्यायची. पुढे मीच सांगणारी झाले, पण सवय तीच. दुकानात गिऱ्हाईक समोर असायचं, त्याच्या भुवईवरून मला हुंकार मिळायचा. नातेवाइकांचा फोन आला तर तेही तमिळमध्ये ‘आमा, आमा’, म्हणजे ‘हो, हो’, म्हणत राहतात. पलीकडे ठार शांतता, आणि तरी आपण बोलायचं, हा प्रसंग पन्नाशीपर्यंत माझ्यावर कधी आलाच नव्हता.

मग उपाय सुरू झाले. भिंतीशी बोलून पाहिलं. दुसऱ्या वाक्याला मला भिंतीचा पोपडा दिसला आणि तो खरवडत बसले. आरशासमोर बसले तर केस नीट करण्यात वेळ गेला. देवघरात विठोबासमोर बसले. तो काय, कमरेवर हात ठेवून उभा. इतक्या पिढ्या आमचं ऐकतोय, पण मान म्हणून हलवायची नाही. सातव्या दिवशी मला रडू फुटलं. काम येतं, रेशीम कळतं, जीभ धड आहे, आणि केवळ पलीकडचं कुणी ‘हं’ म्हणत नाही म्हणून मी माझ्या बापाला त्या गॅलरीत नेऊन बसवणार. मला स्वतःचा इतका संताप आला की विचारू नका.

बाबांना पाटीवर लिहून सांगितलं. आमच्या घरात एक पाटी आहे, मोठ्या गोष्टी त्यांना त्यावर लिहून दाखवते. त्यांनी वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. म्हणाले, “गोष्ट चांगली असली तर हुंकार मागावा लागत नाही.” मी मनात म्हटलं, झालं, आता उपदेश. पण मग त्यांनी आपली खुर्ची ओढली, माझ्यासमोर बसले आणि बोटानं खूण केली, सांग. मी भाचीच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सुरू केलं. माझे ओठ थांबले की ते मान हलवायचे. मृदंगवाल्याचे हात बघतात तसे माझे ओठ बघत होते. सगळं उत्तर एका दमात झालं. शब्द एक ऐकू येत नसलेला माणूस, पण हुंकार कसा अगदी समेवर. त्या संध्याकाळी फोनवर भाची गप्प, समोर बाबांची मान डुलतेय आणि मी धडाधड बोलतेय. भाचीला काय झालं ते कळेना. तिला मी सांगितलं नाही.

शुक्रवार उजाडला. शुक्रवारी साडेदहा ते बारा राहुकाळ, हे आमच्या गावात बालवाडीतल्या पोरालाही पाठ असतं. वेळ बदलून मागू का, असं मी भाचीला विचारलं होतं, तर तिनं कपाळावर हात मारल्याचा आवाज मला इथं ऐकू आला. बाबांनी तोड काढली. काम राहुकाळाच्या आधी सुरू केलेलं असलं की बाधा नाही. म्हणून सव्वादहाला मी बंद फोनसमोर बसून नमस्कार केला आणि पहिलं उत्तर फोनला सांगून टाकलं. बाबांनी मान हलवली. अशी माझी मुलाखत पाऊण तास आधी, एकटीनंच, सुरू झाली.

अकराला फोन वाजला. हातवारे केल्याशिवाय मला बोलता येत नाही, म्हणून फोन स्पीकरवर टाकून पाटावर ठेवला. पलीकडे एक बाई होत्या. आवाज करारी, प्रत्येक वाक्य मोजून. त्या म्हणाल्या की तुमची मराठी जुन्या वळणाची आहे. मी म्हटलं, कापड जुन्या वळणाचं, मग बोलणंही तसंच. हे भाचीच्या यादीत नव्हतं, पण बरं गेलं असावं. स्वतःबद्दल सांगितलं. दुकानातल्या कामाबद्दल सांगितलं. बाई मध्ये चकार शब्द बोलत नव्हत्या, नुसता कळफलकाचा टकटक आवाज. पण समोर बाबा होते. मी थांबले की मान, मी थांबले की मान. मला वाटलं, जिंकले आता.

मग त्यांनी विचारलं, एखाद्या चिडलेल्या गिऱ्हाइकाची हकिगत सांगा. ही गोष्ट माझ्या आवडीची. मी रंगात आले. नवऱ्यामुलाची आई लग्नाच्या आदल्या दिवशी साडी परत घेऊन आली तिथवर पोहोचले, आणि बाबांनाही माझ्या तोंडाकडे बघून रंग चढला असणार. मुकाट मान हलवायचं ठरलं होतं. पण जन्माची सवय कुठे जाते? ते खणखणीत आवाजात म्हणाले, “हो, मग?”

कळफलक थांबला. बाईंनी विचारलं, तुमच्याजवळ कोण आहे? मी म्हटलं, माझे वडील. त्या म्हणाल्या, “बघा, ही मुलाखत आहे. शेजारी बसून कुणी सांगत असेल तर मला पुढे जाता येणार नाही.”

माझ्या नाकावरचा राग तुम्हाला माहीत नाही. एकोणीस वर्षांत मी एका गिऱ्हाइकाला खोटी जर दाखवली नाही, आणि ही बाई मला लबाड म्हणतेय. भाचीची सगळी शिकवण पालथ्या घड्यावर पाणी झाली. मी म्हटलं, “सांगतील कसे? त्यांना आठ वर्षं काही ऐकू येत नाही. ते मला हुंकार देतायत. आमच्या घरात हुंकार दिल्याशिवाय कुणी बोलत नाही, तुमच्याकडे चालत असेल.” बोलून गेले आणि मग कळलं, गेलं काम. बाबांची खोली मला डोळ्यांपुढे दिसली, नवा रंग दिलेली.

बाई म्हणाल्या, त्यांना बाहेर बसायला सांगा. मी बाबांना हातानं खूण केली. त्यांना वाटलं मुलाखत संपली. काठी घेऊन उठले, आणि बहिरी माणसं बोलतात तसं गल्लीभर ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलं, “झालं? राहायचं ना आपण इथंच?” मी हातानं थांबा म्हटलं. ते ओट्यावर जाऊन बसले. फोनवरच्या बाईंनी हे ऐकलंच असणार.

मग म्हणाल्या, आता शेवटचं. समजा मी गिऱ्हाईक आहे. मुलीचं लग्न आहे. मी साडी पाहिलेली नाही आणि तुम्ही मला दिसत नाही. विका मला साडी.

आणि गप्प झाल्या. आता टकटकही नाही. समोर रिकामी खुर्ची.

मी तोंड उघडलं आणि मिटलं. मग काय सुचलं देव जाणे, उठून कपाट उघडलं आणि मालकांनी दिलेली ती साडी काढून मांडीवर घेतली. तिरुभुवनम्‌च्या साडीची घडी पंख्यासारखी चुण्या घालून केलेली असते. ती फडकन झटकायची नसते, एकेक चुणी सोडवत उघडायची असते. दुकानात मी तशीच उघडायची. मी पहिली चुणी सोडली आणि बोलले. म्हटलं, ताई, रंग लाखेचा, पण तुम्हाला लाख कुठून आठवणार? पिकलेलं कोकम उन्हात धरा, तो रंग. दुसरी चुणी. काठ मोरपंखी आणि अंगापासून वेगळा. विणताना एका बाजूला एक माणूस आणि दुसऱ्या बाजूला दुसरा बसून धागे एकमेकांत गुंतवतो, म्हणून काठ ओढला तर अंग सोडत नाही. तिसरी चुणी. हात बोलत होते आणि मी त्यांच्यामागून जात होते. कुणी मान हलवत नव्हतं, आणि ते माझ्या ध्यानातही नव्हतं.

पदरापाशी आले तेव्हा बोटाला एक गाठ लागली. दुकानात असते तर सांगितलीच असती, म्हणून इथंही सांगितली. म्हटलं, ताई, पदराच्या उलट बाजूला, काठापासून चार बोटांवर, एक गाठ आहे. विणताना धागा तुटला आणि विणकरानं जोडला. साडीला काही होणार नाही, पण तुम्ही ती घरी गेल्यावर शोधून काढण्याआधी मी सांगते. लग्नात मुलीनं पदर खांद्यावर घेतला की ती आत जाते. तुम्हाला ठाऊक असेल आणि मला, तिसऱ्या कुणाला नाही.

“हं,” फोन म्हणाला.

मला आधी भास वाटला. मी पुढची चुणी सोडली. आतली नक्षी सांगितली, रुईफुलांची, एकाआड एक सोन्याची. पुन्हा “हं”. मी जरा थांबले, मुद्दाम. खोटं कशाला बोलू, मुद्दामच थांबले. राजाला रिकिबीत लटकवून ठेवलं.

“हो, मग?” बाई म्हणाल्या.

मग काय! मग मला कुणाच्या बापाला थांबवता आलं नसतं. साडी संपेपर्यंत बोलले, आणि साडी संपल्यावर तिची घडी कशी घालायची तेही सांगितलं. शेवटी त्या म्हणाल्या की आम्ही कळवू. आवाज मघासारखाच करारी होता. पण फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, ती लाखेच्या रंगाची साडी विकायची आहे का? मी म्हटलं, नाही, ती माझी आहे. तसलीच दुसरी काढून देते, मला कामावर घ्या म्हणजे झालं.

चार वाजता कळवलं. त्यांनी कामावर घेतलं होतं. कधीपासून, काय, कसं, ते सगळं त्यांनी सांगितलं आणि मी प्रत्येक वाक्याला न चुकता हुंकार दिला. मग पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, राहायचं इथंच. ओट्यावर नेऊन बाबांच्या हातात दिली. त्यांनी वाचलं, पुसून टाकलं, आणि टाळ कुठे ठेवलेत ते विचारलं. भजनाची वेळ झाली होती.

ते गेल्यावर भावाला फोन लावला. राहुकाळापासून सगळं सांगायला बसले. तो काही बोलेना. तीन वाक्यं झाली, चार झाली, पलीकडे शांतता. मला वाटलं, रागावला. खोलीला रंग दिला होता त्यानं, बापाला जवळ ठेवायचं होतं, आणि मी विजयाचे नगारे वाजवतेय. मी थांबले. म्हटलं, “आहेस का रे? हुंकार तरी दे.”

मग त्यानं घसा खाकरला. “हो, अक्का,” म्हणाला. “मग?”

मी सांगत गेले. तिसऱ्या वाक्याला झोपणारा माझा भाऊ, त्या दिवशी गोष्ट संपेपर्यंत जागा होता.